केंडोला परत गेलं की डावी टाच पुन्हा धरते, त्याचं काय करायचं

प्रॉब्लेम असा असतो. डाव्या टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड शीर हाताला लागते तिथे दुखायला लागतं, डॉक्टर म्हणतात अकिलीस टेंडन आहे, आराम करा, मग माणूस महिना-दीड महिना घरी बसतो, दुखणं जातं, जिने चढता येतात, दादरचा पूल उतरताना काही जाणवत नाही, म्हणून शिनाई, म्हणजे केंडो या जपानी तलवारबाजीतली बांबूची तलवार, घेऊन परत क्लासला. पहिल्या दिवशी मस्त वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की बाथरूमपर्यंत लंगडत. पुन्हा आराम, पुन्हा क्लास, पुन्हा तेच. मुंबईत केंडो करणारे आम्ही मोजकेच, त्यातही या फेऱ्यात अडकलेले बरेच दिसतात आणि चांगला हात असलेली माणसं कंटाळून सोडून देतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. हे सुटण्यासारखं आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी दुखणं नक्की तेच आहे ना ते बघा. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत शीर दाबली की दुखते, सकाळी उठल्यावर आखडलेली असते, चालायला लागलं की सैल होते, क्लासमध्ये अंग गरम झालं की जवळपास जाणवतच नाही आणि थंड झाल्यावर परत येते, असं असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी. अगदी हाडाला जिथे शीर चिकटते तिथे, म्हणजे बुटाची मागची कड घासते त्या जागी दुखत असेल तर बाकी सगळं तेच, फक्त व्यायामात एक फरक आहे तो पुढे सांगते. उजव्या टाचेच्या खाली दुखतंय तर तो फुमिकोमीचा, म्हणजे वार करताना उजवा पाय जमिनीवर आपटण्याचा, मुका मार असतो, तो विषय वेगळा.

पण पोटरीत अचानक सणक गेली, मागून कोणीतरी शिनाई हाणली असं वाटलं आणि वळून बघितलं तर मागे कोणीच नाही, किंवा फट् असा आवाज आला, तर पुढे वाचत बसू नका. पलंगावर पालथं झोपा, पाऊल पलंगाबाहेर लोंबू द्या आणि घरातल्या कोणालातरी पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल आपोआप खाली वळायला पाहिजे. वळलं नाही तर शीर तुटलेली असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल. शीर तुटूनही काही जण चालत घरी येतात, त्यामुळे 'चालता येतंय ना' यावर जाऊ नका, आणि पाऊल वळलं तरी पोटरी सुजली, काळीनिळी पडली किंवा चवड्यावर उभं राहता येत नसेल तर दाखवूनच घ्या. तसंच काही मार लागलेला नसताना, विशेषतः प्लास्टर किंवा ऑपरेशननंतर नाहीतर लांबच्या प्रवासानंतर, एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर रक्ताच्या गाठीची शंका असते, तिथेही लगेच डॉक्टर. ऑपरेशन झालेल्यांचं वेळापत्रक सर्जन आणि फिजिओच ठरवतात, खेळात परत यायला साधारण ६ ते १२ महिने जातात, त्यांनी हे वाचून घाई करू नये.

आता पुन्हापुन्हा का होतं. आरामाने दुखणं जातं पण ताकद वाढत नाही, उलट कमी होते. टेंडनला लोड मिळालं तरच ते लोड घेण्यासारखं होतं, नुसतं बसून राहिलं की पोटरी बारीक होते आणि शीर आधीपेक्षा कमी झेपणारी होते, म्हणजे दुखायच्या आधी जेवढं झेपत होतं तेवढंही आता झेपत नाही आणि आपण जातो ते थेट जुन्याच जोरात. केंडोत तर डाव्या पायाला सुटकाच नाही. चुदानमध्ये, म्हणजे तलवार समोर धरायच्या नेहमीच्या पवित्र्यात, उभं राहिलो की डावी टाच उचललेलीच, प्रत्येक मेनला (डोक्यावरच्या वाराला) ढकलायचं त्याच पायाने, मारून झालं की तोच पाय झटकन पुढे ओढायचा. साधं पळताना अकिलीस टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहापटीहून जास्त ताण येतो. आपण एका संध्याकाळी तशा शेकडो ढकला एकाच पायावर करतो.

आमच्याकडच्या एका सीनियर दादांचं सांगते, त्यांची परवानगी घेऊनच. दुखणं पूर्ण गेलंय असं ते शपथेवर सांगत होते आणि ते खोटंही नव्हतं, दाबून बघितलं तरी काही नाही. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर चवडा वर-खाली करायला लावला. उजव्या पायाने वीसच्या पुढे आरामात गेले. डाव्या पायाने सात-आठ नीट झाले, मग टाच अर्ध्यावरच थांबायला लागली, गुडघा वाकायला लागला, बोटांवरचा भार तळव्यावर आला आणि अकराव्याला टाच उचललीच जाईना. दुखलं कुठेच नाही. ते स्वतः थक्क होऊन पायाकडे बघत राहिले. त्यांचं दर वेळी परत परत का होतंय ते तिथे उघड झालं. ही टेस्ट आज करून बघा. गुडघा सरळ, टाच पूर्ण उंचीपर्यंत, दोन्ही पायांनी वेगवेगळं मोजा. साधारण २५ हा चांगला आकडा धरतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डावा उजव्याच्या जवळपास यायला पाहिजे. जोपर्यंत डावा अर्ध्यावर आहे तोपर्यंत उड्या नाहीत.

आणि इथेच मला जे मुख्य सांगायचंय ते येतं. क्लासचा क्रम आणि टाचेचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत. बहुतेक क्लासमध्ये काय असतं, वॉर्मअप, मग सुबुरी (हवेत वार करायचा सराव), आणि सुबुरीच्या शेवटी हायासुबुरी, म्हणजे पुढे-मागे उड्या मारत भराभर वार. अकिलीससाठी अख्ख्या क्लासमधली ही सगळ्यात कठीण गोष्ट आणि ती पहिल्या वीस मिनिटांत येते, वॉर्मअपला लागूनच येत असल्यामुळे कोणाला ती जड वाटतच नाही. उलट काता, म्हणजे आधी ठरलेल्या चालींचा सराव, ज्यात फुमिकोमी नाही, हळू पावलं आहेत, म्हणजे आजारातून उठलेल्या पायासाठी सगळ्यात चांगली गोष्ट, ती शेवटी वेळ उरला तर किंवा परीक्षा जवळ आली की काढतात. त्यामुळे 'आज पहिला दिवस आहे, अर्धाच क्लास करते, बोगू (चिलखत) घालायच्या आधी थांबते' असं म्हणणारी माणसं बरोबर चुकीचा अर्धा भाग करून बाहेर बसतात. मुळात अर्धा वेळ नको, पूर्ण वेळ थांबा पण गोष्टी निवडून करा.

सेन्सेईंशी, म्हणजे शिकवणाऱ्यांशी, क्लास सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. रांगेतून मधेच बाहेर पडणं कोणालाच नको वाटतं, म्हणून लोक दुखत असताना रेटतात. आधी जाऊन सरळ सांगायचं, "सेन्सेई, आज हायासुबुरी सोडून बाकी सुबुरी करते, बोगू घालणार नाही, शेवटची पंधरा मिनिटं कोपऱ्यात काता केला तर चालेल का?" इतकं नेमकं सांगितलं की समोरच्यालाही सोपं जातं. 'पाय दुखतोय' एवढंच सांगितलं तर उत्तरही मोघमच येतं, जमेल तेवढं कर.

टाचेचा क्रम मी असा लावते. सगळ्यात आधी जागेवर उभं राहून सुबुरी, दोन्ही टाचा टेकवून, फक्त हात आणि खांदे. सोनक्योमध्ये चवड्यावर बसताना दुखत असेल तर उभ्यानेच नमस्कार करायची परवानगी मागून घ्या. मग सुरीआशी, म्हणजे पाय न उचलता सरकत जाणं, हळू, लहान पावलं. मग बोकुतो (लाकडी तलवार) घेऊन काता आणि किहोन वाझा (पायाभूत तंत्रं). कातांचे दहा प्रकार १९१२ पासून ठरलेले आहेत, किहोन वाझाच्या नऊ पाठांचा संच जपानच्या फेडरेशनने २००३ मध्ये आणला, दोन्हीत मिळून एवढं काम आहे की दोन महिने सहज निघतील, आणि पहिल्या दानच्या परीक्षेला साधारण पहिले तीन काता विचारतात, ते या काळात पक्के झाले तर दुखण्याचे दिवस वाया गेले असं वाटत नाही. नंतर बोगू घालून किरीकाएशी (डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सलग वार), पण पाय न आपटता, सुरीआशीनेच. मग एका पावलाची छोटी फुमिकोमी, थोडीच. मग छोटं जिगेईको (मोकळी लढत). काकारीगेईको (न थांबता हल्ले करायचा सराव) आणि हायासुबुरी सगळ्यात शेवटी, बाकी सगळं निमूट जमायला लागल्यावर. मधल्या काळात मोतोदाची (समोरच्याचे वार घेणारा) म्हणून उभं राहणं सोपं असेल असं वाटतं, ते तितकंसं खरं नाही, कारण मार घेत मागे सरकताना ब्रेक डावा पायच लावतो, त्यामुळे ते सुद्धा किरीकाएशीच्या आसपास ठेवा, आधी नको.

एका पायरीवरून पुढच्या पायरीवर कधी जायचं हे क्लासमध्ये ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. ही शीर खेळताना खरं सांगत नाही, अंग गरम असतं, किआई (वाराबरोबरची आरोळी) चाललेली असते, काही कळत नाही. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २००७ चा आहे, पाचपर्यंत दुखत असताना सुद्धा पेशंटना पळण्या-उडी मारण्याची मुभा दिली होती, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये, आणि त्यांचा रिझल्ट पळणं-उड्या बंद ठेवलेल्यांपेक्षा वाईट आला नाही. मला मात्र पाच जरा जास्त वाटतं, आपल्याकडच्या फरशीवर तीनच्या वर जाऊ देऊ नये असं माझं मत. सकाळी पहिली दहा पावलं कालच्यासारखीच असतील तर तीच पायरी परत करा, सलग दोन-तीन क्लास तशीच गेली तर पुढे जा, जास्त आखडलेली असेल तर एक पायरी मागे. बंद करायचं नाही, मागे यायचं. आणि फुमिकोमीचे दिवस लागोपाठ घेऊ नका, जोरदार लोडनंतर शिरेला सावरायला एक-दोन दिवस लागतातच.

व्यायाम मात्र याच्या जोडीने रोजचा, तो सोडून वरचं काहीच चालणार नाही. हाकान आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश ऑर्थोपेडिकने १९९८ मध्ये जो प्रोग्रॅम छापला तो आजही फिजिओ देतात. बिल्डिंगच्या जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहायचं, कठडा धरायचा, दोन्ही पायांनी वर जायचं आणि फक्त डाव्या पायाने हळूहळू टाच पायरीच्या खाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा थोडा वाकवून १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वाकवलेल्या गुडघ्याचे सेट लोक गाळतात, ते गाळू नका, आतला सोलिअस स्नायू त्यानेच जास्त कामाला लागतो. सोपं वाटायला लागलं की पाठीला सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. ज्यांना अगदी हाडाजवळ दुखतं त्यांनी टाच पायरीखाली उतरवायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, आणि भिंतीला टेकून पोटरी ताणायचे स्ट्रेच पण त्यांनी टाळायचे, खाली ताणलं की ती जागा हाडावर अजून दाबली जाते. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा जमत नाही हे मला मान्य आहे, त्यांच्यासाठी आठवड्यातून तीनदाच पण भरपूर वजनाने आणि अगदी सावकाश करायचा प्रकार आहे, जिममध्ये स्मिथ मशीनवर किंवा लेग प्रेसवर होतो, वर्षअखेर दोन्हींचा रिझल्ट सारखाच येतो. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत फिजिओ कमी पैशांत मिळतात, एकदा जाऊन पद्धत बघून घ्या.

तरी मधेच डोकं वर काढत असेल तर काय काय तपासायचं. फरशी बघा. जपानच्या डोजोत लाकडी फ्लोअर असतो, पायाखाली किंचित दबतो, आपल्याला मिळतो शाळेचा नाहीतर सोसायटीचा हॉल, कोटा नाहीतर टाइल, खाली सरळ स्लॅब. लाकडी बॅडमिंटन कोर्टवर जाता येत असेल तर फुमिकोमी फक्त तिथे करा, दगडी फरशीवर सुरीआशी आणि काता. जोडायच्या फोमच्या मॅट मऊ असतात म्हणून बऱ्या वाटतात पण त्यांच्यावर पाऊल सरकत नाही, अडकतं. हेच पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर फरशी ओलसर चिकट होते, डावा पाय पुढे ओढताना चवडा चिकटून राहतो आणि पोटरीला हिसका बसतो. कोरडं फडकं बॅगेत ठेवा, आपली लेन पुसा, ब्रेकमध्ये तळवे पण पुसा. आणि वाळू मऊ म्हणून जुहूला किंवा दादर चौपाटीला पळायला जाऊ नका, वाळूत टाच खोल जाते, शीर जास्तच ताणली जाते.

मोबाईल बाजूला जमिनीजवळ ठेवून कामाएचा (उभं राहायच्या पवित्र्याचा) व्हिडिओ काढा. डाव्या पायाची बोटं बाहेर वळलेली आहेत का, ही चूक फार सर्रास दिसते, थकलं की जास्तच. पाऊल बाहेर वळलं की शिरेवरचा ताण एका बाजूला पिळला जातो. बोटं सरळ पुढे. टाच एक-दोन बोटं वर, उगाच उंच नाही. दोन पायांत अंतर फार पडलेलं नको. ढकलताना टाच आधी खाली आपटून मग वर येत असेल तर तिथे रोज शेकडो वेळा हिसका बसतोय.

दिवसभराचा हिशोब पण धरा. लोकलमध्ये तासभर उभं, दोन पूल, खांद्यावर बोगूची बॅग, वर ऑफिसला झिजलेल्या टाचेच्या चपला, म्हणजे क्लासच्या दारात पोचेपर्यंत त्या पायाने बरंच काम केलेलं असतं. दुखत्या काळात बोगू क्लासमध्येच ठेवता येतो का विचारा, टाचेला जरा उंची असलेली चप्पल-बूट वापरा, घरी टाइल्सवर अनवाणी फिरू नका.

गोळ्यांचं मात्र नीट ऐका. क्लासच्या आधी पेनकिलर घेऊन जायचं नाही, सकाळची टेस्ट त्याने खोटी ठरते. अकिलीसमध्ये किंवा त्याच्या आजूबाजूला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेताना शीर तुटायचा धोका असतो, कोणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पोट बिघडलं की आपण केमिस्टकडून सिप्रोफ्लॉक्सासिन नाहीतर ओफ्लॉक्सासिन घेऊन मोकळे होतो, या कुटुंबातल्या अँटिबायोटिक्समुळे टेंडन दुखावू किंवा तुटू शकतं, तेही सगळ्यात जास्त अकिलीसच. अमेरिकेच्या एफडीएने २००८ पासून यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड चालू असलेले यांना धोका जास्त. डॉक्टरांना आधीच सांगा की माझी टाचेची शीर दुखावलेली आहे, दुसरं औषध बहुतेक वेळा मिळतं. गरजेमुळे घ्यावंच लागलं तर तेवढे दिवस आणि नंतरचे काही आठवडे उड्या बंद, आणि कोर्स चालू असताना शीर नव्याने दुखली तर पुढची गोळी घ्यायच्या आधी त्यांना फोन करा.

बरं झाल्यावर जिन्यावरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवा. गणपती, दिवाळी, मे महिन्यात गाव, असा कुठलाही दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर परत आल्यावर आधी भिंतीपाशी उभं राहून दोन्ही पायांचे चवडे मोजा आणि पहिला आठवडा हायासुबुरीशिवाय करा, दुखत नसलं तरी.